सीमा ओलांडणारा दलित आणि कायद्याची मदत

स्थलांतरित म्हटले की आपल्या सुशिक्षित मित्रांच्या डोळ्यांपुढे विमानतळ, व्हिसा आणि परदेशातली कोर्टे येतात. मैंदर्गीत या शब्दासाठी इतके लांब जावे लागत नाही. इथून दुधनीच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात कर्नाटक लागते. पाट्यांवरची लिपी बदलते, एस.टी.चा रंग बदलतो. माणसे, बोली, ज्वारीची शेते आणि गावकुसाबाहेरची वस्ती मात्र बदलत नाही. माझ्या घरी आजही कन्नड बोलतात. माझी शाळा मराठीत झाली. आमच्या वस्तीतल्या पुष्कळ सुना अफजलपूर, आळंद, इंडी या तालुक्यांतल्या, आणि आमच्या लेकीही तिकडेच दिलेल्या. लग्न होऊन तासाभराच्या अंतरावरून आलेली ही बाई गावाच्या लेखी सून असते, कायद्याच्या लेखी स्थलांतरित असते. आणि ही गोष्ट तिला सांगतो तो भरतीच्या टेबलामागे बसलेला कारकून.

आमच्या वस्तीतल्या अशाच एका सुनेची हकीकत सांगतो. बारावी शिकलेली. तालुक्यातल्या एका भरतीत राखीव जागेसाठी तिने अर्ज केला. वडिलांचा कर्नाटकातला दाखला जोडला. टेबलावरच्या गृहस्थांनी तो दोन बोटांत धरून परत केला. "हा इकडे चालत नाही. तुम्ही आमच्या राज्यात मागासवर्गीय नाही." ती रडली नाही, भांडलीही नाही. घरी येऊन तिने दाखला पेटीत तळाशी ठेवला. पुढे दोन वर्षांनी, तुरीच्या काढणीच्या वेळी, मजुरीवरून बोलाचाली झाली आणि शेतमालकाने चार बायांदेखत तिला जातीवरून शिवी दिली, हातातल्या काठीने मारले. वस्तीतली पोरे तिला पोलिसांत चला म्हणाली. तेव्हा ती म्हणाली, "कशाला? माझी जात इकडे चालत नाही."

या एका वाक्याने मी हा लेख लिहायला बसलो. कारकुनाने सांगितलेली अर्धी गोष्ट खरी होती. ती गोष्ट तिने पूर्ण आयुष्याला लावली. आपल्या चळवळीतल्या शिकलेल्या माणसांपैकीही किती जणांना हा फरक नीट सांगता येईल, याची मला शंका आहे. मलाही तेव्हा सांगता आला नव्हता. दोन दिवस पुस्तके चाळावी लागली.

प्रथम खरी अर्धी गोष्ट. संविधानाच्या ३४१व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार ठरते. "त्या राज्याच्या संबंधात" असे तिथे शब्द आहेत, आणि पुढचा सगळा वाद या शब्दांभोवती फिरला. १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. आंध्रातील अनुसूचित जमातीतला हा विद्यार्थी, वडील नोकरीनिमित्त मुंबईत आलेले. त्याला मुंबईत वैद्यकीय महाविद्यालयात राखीव प्रवेश हवा होता. न्यायालय म्हणाले, एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही. मग महाराष्ट्रात राहणाऱ्या परराज्यातील दलित-आदिवासींनी जातीच्या दाखल्यांच्या प्रश्नावर कृती समिती केली आणि ती समिती स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९४ साली पाच न्यायमूर्तींनी तोच निकाल कायम केला. जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत एकच असले तरी भागत नाही, असेही सांगितले. २०१८ साली दिल्लीच्या एका खटल्यात पुन्हा हेच झाले. त्याच वर्षी पंजाबातून लग्न होऊन उत्तराखंडात आलेल्या वाल्मीकी समाजातल्या स्त्रीचा दावाही गेला. लग्नाने राज्य ओलांडले म्हणून सासरच्या राज्याचे आरक्षण मिळत नाही, हा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात यासाठी तारीख आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशी तुमचे कुटुंब या राज्याच्या आजच्या भूभागात राहत होते, याचा पुरावा हवा. आजोबा १९५३ साली आळंदहून मैंदर्गीत खडी फोडायला आले असतील, तर इथेच जन्मलेला, इथल्याच शाळेत शिकलेला, मराठीत कविता करणारा नातू स्थलांतरितच. त्याला वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्यावरून स्थलांतरितांसाठीचा वेगळा दाखला मिळतो. केंद्र सरकारच्या नोकरीला तो उपयोगी पडतो, राज्याच्या सवलतींना पडत नाही. सुनेच्या मुलांचे तसे नाही. बाप इथला असेल तर मुलांचा दाखला बापाच्या कागदांवरून इथलाच होतो. एवढे जरी त्या टेबलावरच्या गृहस्थांनी सांगितले असते तरी त्या बाईने पेटी बंद केली नसती.

मला हा निकाल पटतो का? अर्धाच पटतो. मागासलेपण त्या त्या प्रदेशात मोजावे, एका राज्यातल्या प्रबळ गटाने दुसऱ्या राज्यातल्या दुबळ्यांच्या जागा घेऊ नयेत, हे म्हणणे मला समजते. पण ज्यांनी ही रेष आखली त्यांनी जात मोजून आखली नव्हती. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, अक्कलकोट मुंबई राज्यात राहिले. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढल्या वर्षी अहवाल दिला, त्यात अक्कलकोट म्हैसूरला द्यावे असे सुचवले होते. तो अंमलात आला असता तर आज आम्ही तिकडचे असतो आणि आमच्या सुना घरच्या झाल्या असत्या. लमाण तांड्यांचे तर याहून विचित्र आहे. एकच बंजारा माणूस कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. सोयरीक तिन्हीकडे, कागद तीन तऱ्हेचे. त्याला हिणवणारा सवर्ण मात्र तिन्ही राज्यांत एकच शब्द वापरतो.

आता दुसरी अर्धी गोष्ट, जी कुणी सांगत नाही. आरक्षण हद्दीवर थांबते. संरक्षण थांबत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. परराज्यातून आलेल्या दलिताला त्याचे संरक्षण आहे की नाही, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आला आणि २०२३ साली तीन न्यायमूर्तींनी निर्वाळा दिला: मूळ राज्यात जो अनुसूचित जातीचा आहे त्याला हे संरक्षण देशात कुठेही आहे, मग राहत्या राज्याच्या यादीत त्याची जात असो वा नसो. आरक्षण हा वाटा आहे, त्याची विभागणी राज्यवार होऊ शकते. पाठीवर पडलेल्या काठीची विभागणी कशी करणार? आमच्या सुनेचा पेटीतला दाखला भरतीच्या टेबलावर कुचकामी होता, पोलीस ठाण्याच्या टेबलावर नव्हता. शिवाय गुन्हा नोंदवून घ्यायला दाखला ही पूर्वअट नाही. तो तपासात देता येतो.

आणखीही काही गोष्टी हद्दीवर थांबत नाहीत. २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७३व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. बेळगावकडच्या फडात मार खाल्लेला मजूर घरी पळून आला तर तो अक्कलकोट तालुक्यातल्या ठाण्यात खबर देऊ शकतो. "ते तिकडचे प्रकरण, तिकडे जा" हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. मिळते अजूनही तेच, हा भाग वेगळा.

मजुरीचेही तसेच. माझे अप्पा ऊसतोडीला जात. दिवाळीच्या आगेमागे मुकादम उचल देई. अप्पा आणि अव्वा मिळून एक कोयता. हिशेब मुकादमाच्या वहीत; अप्पांना अक्षर येत नव्हते, अव्वाला दोरीला गाठी मारून खेपा मोजता येत. एका हंगामात तिच्या दोरीच्या गाठी आणि मुकादमाची वही यांत एकवीस खेपांचा फरक निघाला. वही खरी ठरली. उचल फिटली नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत. आम्ही याला नशीब म्हणत होतो. महाविद्यालयात गेल्यावर कळले की १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात याला नाव आहे. उचल देऊन माणसाचे दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य बांधून घेतले, किंवा किमान वेतनाहून कमी दिले, तर ती वेठबिगारी होऊ शकते. तशी ठरली तर ते कर्ज कायद्याने बुडते, वेठबिगारीचे नाही हे धनकोने सिद्ध करायचे असते, आणि सुटकेची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर येते. १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढे जाऊन सांगितले की किमान वेतनाखालची मजुरी हीच संविधानाच्या २३व्या कलमातली सक्तीची मजुरी होय.

परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो त्यांत विरघळला. जुन्या कायद्यातला विस्थापन भत्ता गेला, वर्षातून एकदाचे गाडीभाडे राहिले. पूर्वी पाच परराज्यीय मजूर असले की कायदा लागू होई, आता दहा लागतात. उलट, ठेकेदाराशिवाय स्वतःहून गेलेला मजूरही आता व्याख्येत आला. वेतनाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची झाली. कार्यकर्त्यांनी एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी: हा दावा मजूर स्वतः करू शकतो किंवा तो सभासद असलेली नोंदणीकृत कामगार संघटना करू शकते. आपली जयंती मंडळे, वाचनालये, विहार समित्या यांना तो अधिकार नाही. सात कामगार एकत्र आले की संघटनेच्या नोंदणीचा अर्ज करता येतो. आपल्याकडे सात माणसांचे मंडळ एका संध्याकाळी होते आणि त्यात चार अध्यक्ष असतात; मग संघटनाच का नोंदवू नये?

वकिलाचे काय, हा पुढचा प्रश्न. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमात फुकट वकील मिळण्याचा हक्क ज्यांना दिला आहे त्यांत अनुसूचित जाती-जमातींची माणसे आहेत, उत्पन्नाची अट न घालता. पण एवढ्यावर थांबू नये. त्याच कलमात सर्व स्त्रिया आहेत, मुले आहेत, औद्योगिक कामगार आहेत, कोठडीतली माणसे आहेत, वेठबिगारीला बळी पडलेले आहेत, जातीय अत्याचाराने विपन्न झालेले आहेत. म्हणजे परराज्यात दाखल्यावरून कुणी अडवलेच तर जातीशिवायचे दरवाजेही उघडे आहेत. आमच्या सुनेला स्त्री म्हणूनच तो हक्क होता. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात प्राधिकरण असते, साध्या कागदावरचा अर्ज पुरतो, आणि १५१०० हा दूरध्वनी देशभर चालतो. वर जायचे तर ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडला आहे. सीमेपलीकडच्या आपल्या लेकींसाठी कर्नाटक उच्च न्यायालयाचे पीठ कलबुर्गीला आहे. मुंबईचे भाडे आता कारण म्हणून सांगता येणार नाही.

इतके सगळे आहे, तर मग अडते कुठे? अडते ते वकिलापर्यंत पोचण्याच्या आधी. फुकट मिळालेला वकील समोर आलेल्या कागदावर काम करतो, आणि आपल्या माणसाजवळ कागद नसतो. ज्याच्याजवळ कागद आहे तो मुकादम. हा कागद तयार करणे हेच समाजाच्या संघटनेचे काम आहे, आणि ते भाषणापेक्षा कंटाळवाणे असल्यामुळे आपण ते करीत नाही. टोळी निघण्याआधी कोण, किती उचल घेऊन, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला जातो याची नोंद वस्तीत राहावी. प्रत्येक कोयत्याजवळ हजेरीची वही असावी आणि ती बाईच्या ताब्यात असावी. तिच्या दोरीच्या गाठी मी विसरलेलो नाही. वहीत खेपा, तारीख, वजनाची पावती मिळाली की नाही, आजारपणाचे दिवस. मोबाईलवर पावतीचा फोटो काढून वस्तीतल्या शिकत्या पोराकडे पाठवला तरी पुष्कळ झाले. राजस्थानात उदयपूरकडे २००५ पासून काम करणाऱ्या आजीविका ब्युरो या संस्थेने मजुरांची ओळखपत्रे आणि त्यांच्या वादांची नोंद यांपासूनच बळ उभे केले. तिने गावाकडे आणि शहराकडे, दोन्ही टोकांना माणसे ठेवली. आपल्या संघटना एकाच टोकाला असतात, आणि भांडण नेहमी दुसऱ्या टोकाला होते.

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. बिहारमधली एक आदिवासी स्त्री इंग्लंडात एका भारतीय कुटुंबात घरकामाला नेली गेली. दिवसाला अठरा तास काम, आणि मोबदला तासाला अकरा पेन्स. मानवी व्यापार आणि श्रमशोषणाविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेच्या वकिलांनी तिचा दावा चालवला. २०१५ साली तिथल्या न्यायाधिकरणाने तिला किमान वेतनाचा फरक म्हणून १ लाख ८३ हजारांहून जास्त पौंड देवविले. जात हा शब्द तिथल्या कायद्यात बसतो की नाही यावर वाद झाले; तासांचा हिशेब मात्र कोणत्याही देशात हिशेबच असतो.

आमच्या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त शिकवले ते भाषेने. शिवी कन्नडात दिलेली. ठाण्यातले हवालदार मराठीत लिहीत होते. त्यांनी नेहमीच्या सवयीने लिहिले, "जातिवाचक शिवीगाळ केली." झाले, शिवी संपली. आता कोर्टात आरोपीचा वकील विचारणार, नेमके काय म्हटले? कायद्यातला गुन्हा जातीवरून, लोकांच्या नजरेसमोर, अपमान करण्याचा आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले आहे की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेला अपमान यात बसत नाही. तेव्हा शब्द कोणता, जागा कोणती, कुणी ऐकले, या तीन गोष्टी खबरीत आल्याच पाहिजेत. बाईला ती शिवी पुन्हा तोंडाने उच्चारायची लाज वाटत होती. पुरुषांनी भरलेल्या खोलीत कुणाला वाटणार नाही? शेवटी तिच्या सासूने ती शब्दशः सांगितली, आमच्या एका विद्यार्थ्याने कन्नड शब्द जसेच्या तसे देवनागरीत कागदावर लिहिले, खाली मराठी अर्थ लिहिला, आणि तो मजकूर खबरीत घ्यावा असा आम्ही आग्रह धरला. दोन तास लागले. सीमेवरच्या आपल्या दुभाषी पोरांना कुणी नोकरी देत नाही; पण या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस दुसरा नाही. विधी सेवा प्राधिकरणे विधी स्वयंसेवक नेमतात, त्यात शिक्षक आणि विद्यार्थी चालतात. प्राध्यापक मित्रांनी आपल्या वर्गातली अशी दोन-दोन मुले तरी तिकडे पाठवावीत.

कुणी म्हणेल, संघटनेच्या माणसांना ठाण्यात उभे तरी करतील का? अत्याचारविरोधी कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने १५-अ हे कलम आले. पीडिताला स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते वा वकील यांचे साहाय्य घेण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. खबरीची नक्कल फुकट मिळाली पाहिजे, तपास आणि खटल्याच्या काळात प्रवासाचा व निर्वाहाचा खर्च मिळाला पाहिजे, हेही तिथेच आहे. त्या कलमाची मराठी प्रत आम्ही खिशात घेऊन गेलो होतो. "तुम्ही कोण?" असे विचारल्यावर ती पुढे केली.

पण आपल्याच घरातले एक दुखणे लपवून चालणार नाही. लेटरहेड असलेला पुढारी प्रकरण दाखल होताच दोन्हीकडे फिरू लागतो. पीडिताला सांगतो, कोर्टात काय मिळणार. आरोपीला सांगतो, मी मिटवतो. या तोडपाण्यात पीडिताच्या हाती थोडे, मधल्याच्या हाती जास्त. याने एक प्रकरण बुडते असे नाही. पुढच्या दहा प्रकरणांत पोलीस आपल्याकडे बघून हसतात. डॉ. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि तिचे पहिले वसतिगृह आमच्याच सोलापुरात १९२५ साली सुरू झाले. सभा काढणाऱ्याला खोली भाड्याने घेणे, मुलांची यादी करणे, जमाखर्च लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. मजुरीच्या आणि अत्याचाराच्या प्रकरणांतही संघटनेने एक नियम घालून घ्यावा: समेटाची बोलणी पीडितासमोर, वस्तीसमोर, आणि आकडा वहीत. अत्याचाराचा गुन्हा तर मिटवायचा नाहीच. समेट मजुरीच्या थकबाकीचा होऊ शकतो, अपमानाचा नव्हे.

त्या सुनेचा खटला आता विशेष न्यायालयात आहे. शिवी ऐकणाऱ्या चौघींपैकी एक फुटली, तिघी टिकून आहेत. त्यांतली एक लग्न होऊन पुन्हा हद्दीपलीकडे गेली, तारखेला अफजलपूरहून येते. आमच्या एस.टी.त बायांना अर्धे तिकीट आहे, पण तिच्या तिकडच्या ओळखपत्रावर ते मिळेल की नाही यावरून वाहकाशी दर वेळी बोलाचाली होते. साक्षीदारांच्या प्रवासखर्चाचा अर्ज आम्ही रीतसर दिला आहे. पैसे आलेले नाहीत. तोवर भाडे मंडळाच्या वर्गणीतून जाते आणि खर्चाच्या वहीत तिकिटे टाचून ठेवली जातात. ती वही सध्या त्या बाईकडेच असते, पेटीत, दाखल्याच्या वर.